कुटुंबासाठी जुन्या मोटारीची पारख

नवी मोटार घेताना मॉडेल ठरले की निवड बहुतांशी संपते, कारण एका मॉडेलच्या सगळ्या गाड्या विक्रीच्या दिवशी सारख्याच असतात. जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र हीच समजूत महागात पडते. एकाच वर्षी, एकाच रंगात विकल्या गेलेल्या दोन गाड्यांपैकी एक नाशिकच्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहून दर वर्षी नेमाने सर्व्हिसिंगला गेलेली असू शकते, तर दुसरी जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात काचेपर्यंत बुडून, विमा कंपनीच्या लिलावातून दोन-तीन हात फिरून बाजारात आलेली असू शकते, आणि धुऊन-पुसून, पॉलिश करून शेजारी उभ्या केल्या तर त्या दोघींत वरवर काहीही फरक दिसत नाही. म्हणून जुनी मोटार निवडताना त्या एका गाडीचे आजवरचे आयुष्य मॉडेलच्या लौकिकापेक्षा अधिक मोलाचे ठरते, आणि ते आधी कागदपत्रांतून, मग पत्र्यातून आणि शेवटी इंजिनातून वाचावे लागते. बहुतेक कुटुंबे नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात: नवे सीट कव्हर, मोठा टचस्क्रीन आणि मिश्र धातूची चाके पाहून गाडी घरातल्या सर्वांच्या मनात भरते, इसार दिला जातो आणि मग कागद मागितले जातात, त्या वेळी कागदांत खोट दिसली तरी तिच्याकडे डोळेझाक करण्याकडेच मनाचा कल असतो.

पाहणीला निघण्यापूर्वी कुटुंबाने आपला वापर प्रामाणिकपणे मांडून पाहावा. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर शहरात आणि वर्षातून दोन-तीनदा गावी, एवढाच ज्यांचा प्रवास आहे त्यांना पेट्रोल गाडी पुरेशी असते, आणि डिझेल स्वस्त पडते हा जुना हिशेब त्यांना लागू पडत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणविषयक मानके लागू झाल्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी एक जाळी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग आणि बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते, आणि जी गाडी केवळ शाळा, बाजार आणि कार्यालय यांच्यातच फिरते तिची जाळी तुंबून खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. सीएनजीवर चालणारी गाडी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत किफायतशीर आहे. मात्र कंपनीतूनच बसवून आलेले किट आणि बाहेर बसवलेले किट यांत फरक करावा, बाहेरच्या किटची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर (ज्याला सर्वत्र आरसी म्हणतात) झाली आहे की नाही ते पाहावे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाल्याचा दाखला मागावा. घरात गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर आसनाची उंची आणि दाराचा कोन हे गुण मायलेजच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. त्यासाठी त्यांना प्रत्यक्ष गाडीत बसवून-उतरवून पाहावे.

कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी या प्रश्नाकडे साधारणपणे केवळ किमतीच्या अंगाने पाहिले जाते, पण कुटुंबाच्या दृष्टीने या प्रश्नात सुरक्षिततेचा फार मोठा भाग आहे. भारतात चालकासाठीची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण करून देणारा इशारा, अतिवेगाचा इशारा आणि गाडी मागे घेतानाचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकून गाडी घसरू नये यासाठी असलेली एबीएस ही यंत्रणा त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींत आली. आणि चालकाशेजारच्या आसनासाठीची एअरबॅग २०२२ च्या सुरुवातीपासून अनिवार्य झाली. याचा अर्थ २०१७ किंवा २०१८ च्या एखाद्या लोकप्रिय गाडीच्या प्राथमिक आवृत्तीत यांपैकी काहीच नसण्याची शक्यता आहे. दोन-तीन वर्षांनी जुनी पण वरच्या आवृत्तीची, म्हणजे सनरूफ आणि चामड्याची आसने असलेली गाडी आणि त्याच किमतीतली नंतरच्या वर्षाची, साधी पण दोन एअरबॅगची गाडी अशी निवड समोर आली तर मुलाबाळांच्या कुटुंबाने दुसरीच घ्यावी, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही. मागच्या आसनावरील तिन्ही पट्टे पुरे लांब आणि चालू स्थितीत आहेत का, लहान मुलाचे आसन घट्ट अडकवण्यासाठी दिलेल्या कड्या (आयसोफिक्स) आहेत का, हेही पाहावे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंड आहे, आणि दंडाहून मोठी गोष्ट ही की अचानक ब्रेक लागल्यावर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात टिकत नाही.

किमतीचा अंदाज बांधताना विक्रेत्याने गाडी नवी असताना काय मोजले होते याला फारसा अर्थ नसतो. आज तशीच नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत किती खर्च येतो, तिथून खाली मोजत यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला, त्यामुळे चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या बऱ्याच नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यापूर्वीच्या बिलावर बोट ठेवून सांगितलेली किंमत म्हणूनच मान्य करू नये. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना जी घट परंपरेने धरत आल्या आहेत ती दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के अशी आहे. बाजारभाव मागणीनुसार याहून वर-खाली होतो, तरी घासाघीस कोठून सुरू करावी हे या आकड्यांवरून कळते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये झाले असून महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या गाडीचा भाव या पुढच्या खर्चासह धरावा. बँका जुन्या गाडीच्या कर्जाला नव्या गाडीपेक्षा चढा व्याजदर लावतात, हाही हिशेबाचा भाग आहे.

कागदपत्रांची पाहणी घरबसल्या सुरू होऊ शकते. केंद्र सरकारच्या वाहन या प्रणालीवर किंवा एमपरिवहन या ॲपवर नोंदणी क्रमांक टाकल्यास गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, सध्याचा मालक कितवा आहे, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. बोजा म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचा गाडीवरील हक्क. कर्ज फिटले तरी तो आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात द्यावे लागतात. ‘कर्ज संपले आहे, फक्त नोंद काढायची राहिली आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरेही असेल, परंतु ती नोंद निघेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी पूर्वी टॅक्सी पासिंगची होती आणि नंतर खाजगी करून घेतली असेल तर तिचा वापर मीटरवरील आकड्याहून कितीतरी पट झालेला असू शकतो. आरसीवरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी एकेक अक्षर लावून ताडावेत. चेसिस क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला, पुन्हा रंगवलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर त्या गाडीचा विचार तिथेच सोडावा. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलने संकेतस्थळावर पाहता येतात आणि ती विक्रेत्याकडून आधीच भरून घ्यावीत. मूळ मालक हयात नसेल तर गाडी प्रथम फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हावी लागते. वारसाने केवळ सही करून दिलेले कागद पुढे अडतात.

परराज्यातील गाड्यांबाबत विशेष सावध राहावे. दिल्ली आणि तिच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई करणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला, आणि पुढे त्यात फेरफार झाले असले तरी त्या काळापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या मोहात पाडणाऱ्या भावात इतर राज्यांत येत राहिल्या. अशा गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे फॉर्म २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे सारे मिळवल्यावर भावातला फायदा पुष्कळदा उरतच नाही.

विम्याची पॉलिसी हा गाडीच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पुरावा आहे. ज्या वर्षी मालक भरपाईचा दावा करत नाही, त्यानंतरच्या हप्त्यात त्याला सवलत मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात, आणि दाव्याविना गेलेल्या वर्षांनुसार ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढत जाते. एकाच मालकाच्या पाच वर्षांच्या गाडीच्या चालू पॉलिसीवर ४५ टक्के सवलत दिसली तर गाडीला मोठा अपघात झालेला नसण्याची शक्यता बळावते. तिथे शून्य दिसले तर आदल्या वर्षी दावा झाला असावा किंवा विमा मध्येच खंडित झाला असावा, आणि यांपैकी काय घडले ते सर्व्हिस सेंटरच्या बिलांसह विचारून घ्यावे.

पत्रा आणि सांगाडा यांची पाहणी दिवसाच्या उजेडात, गाडी कोरडी असताना करावी. ओल्या गाडीवर रंगातला फरक लपतो. बाजूने उभे राहून तिरप्या नजरेने पाहिल्यास दारे आणि फेंडर यांच्या रंगछटा जुळतात की नाही हे कळते, आणि दोन पत्र्यांमधल्या फटी डाव्या-उजव्या बाजूला सारख्या आहेत का ते बोटाने चाचपता येते. बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट पाहावेत: कारखान्यात बोल्ट आधी घट्ट होतात आणि मग त्यांवर रंग बसतो, त्यामुळे पाना लावलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला दिसतो, आणि तो उडालेला असेल तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. एखादे दार किंवा बंपर बदललेला असणे हा शहरातल्या गाडीत मोठा दोष मानू नये. परंतु छत तोलून धरणारे खांब, इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्रे (ज्यांना गॅरेजमध्ये अ‍ॅप्रन म्हणतात) आणि डिकीच्या तळाचा पत्रा यांवर वेल्डिंग किंवा पुट्टीच्या खुणा दिसल्या तर सांगाड्यालाच धक्का बसलेला असतो आणि अशी गाडी पुढच्या अपघातात आतल्या माणसांना अपेक्षेइतके वाचवू शकत नाही. किल्ली फिरवताच डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे; तो लागलाच नाही, तर उघडून गेलेली एअरबॅग पुन्हा न बसवता दिवाच काढून टाकल्याचा संशय घ्यावा.

पुरात सापडलेली गाडी ओळखणे हे महाराष्ट्रात तरी प्रत्येक ग्राहकाने शिकून घ्यावे असे कौशल्य आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये मोठ्या संख्येने गाड्या पाण्यात गेल्या, आणि अशा गाड्या सहसा त्याच गावात विकल्या जात नाहीत. पुराचे पाणी गाळ घेऊन येते, आणि हा गाळ जिथे धुण्याचा पाइप पोहोचत नाही तिथे वर्षानुवर्षे राहतो. सीट बेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळीच्या आतल्या भागावर मातकट डाग किंवा पाण्याची आडवी रेघ राहून जाते. पुढची आसने पूर्ण मागे सरकवून त्यांच्या खालच्या रुळांवरचा गंज पाहावा. डिकीतले जादा चाक उचलून त्याखालच्या खाचेत बोट फिरवावे. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट पूड दिसते का ते टॉर्चने पाहावे. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवल्यावर कुबट वास आला, किंवा उलट सुगंधी फवाऱ्याचा भपकारा जाणवला, तर शंका घेण्यास जागा आहे. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग आणि दारे यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक संचांकडे असते. पाण्यात बुडालेले संच सुरुवातीला चालतात आणि महिन्यांनंतर एकेक करून दगा देतात, म्हणून कितीही स्वस्त मिळाली तरी बुडालेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नये. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीत खाऱ्या हवेने खालचा पत्रा आणि सायलेन्सर गंजलेले असतात, तेव्हा ती रॅम्पवर चढवून खालून पाहावी.

इंजिनची परीक्षा ते थंड असतानाच खरी होते. पाहायला जाताना आधी कळवले तर विक्रेता गाडी सुरू करून ठेवतो आणि थंड इंजिनचे दोष झाकले जातात. म्हणून बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करावी आणि मगच किल्ली फिरवावी. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे, दाट पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर शीतक द्रव ज्वलनकक्षात शिरत आहे, आणि काळा धूर इंधन पुरते जळत नसल्याचे सांगतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलेली असेल तर पाणी आणि तेल एकत्र आल्याची शक्यता आहे. काही इंजिनांत झडपा चालवण्यासाठी साखळी असते, तर काहींत रबरी पट्टा असतो. हा पट्टा कंपनीने सांगितलेल्या अंतरानंतर बदलावाच लागतो, न बदलता तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून इंजिन खोलण्याची पाळी येते, म्हणून तो कधी बदलला याचे बिल मागावे.

चालवून पाहणे म्हणजे गल्लीला एक फेरी मारणे नव्हे. दहा-पंधरा किलोमीटर तरी गाडी चालवावी आणि त्यात गतिरोधक, खराब रस्ता आणि चढ असावा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच प्लेट झिजली आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये. गतिरोधकावरून जाताना ‘टक-टक’ असा कोरडा आवाज सस्पेन्शनचे बुश गेल्याचे सांगतो. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर वाहतुकीच्या कोंडीतून मुद्दाम न्यावी, कारण तिचे झटके संथ वेगातच जाणवतात, आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती साध्या क्लचच्या कितीतरी पट महाग असते.

मीटर मागे फिरवण्याचा प्रकार आजही चालतो, म्हणून मीटरवरील आकड्याला दुसरा साक्षीदार शोधावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीच्या तारखेसह किलोमीटरची नोंद राहते आणि मालकाच्या संमतीने ती मिळू शकते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडी चिन्ह निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगते, म्हणजे २३२१ हे २०२१ सालचा तेविसावा आठवडा; २०२१ च्या गाडीचे मीटर पंचवीस हजार दाखवते आणि चारही टायर २०२५ चे आहेत, तर मूळ टायर इतक्या लवकर का झिजले याचे उत्तर मिळाले पाहिजे. पेडलचे गुळगुळीत झालेले रबर आणि चालकाच्या आसनाची बसकी कड यांनाही खोटे बोलता येत नाही. या सगळ्या पाहणीनंतर ओळखीच्या मेकॅनिककडून किंवा त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून शुल्क भरून तपासणी करून घ्यावी. विक्रेता त्याला राजी नसेल तर ती गाडी सोडून द्यावी.

व्यवहारात सर्वांत जास्त निष्काळजीपणा नाव बदलण्याबाबत होतो. फॉर्म २९ ही विक्रीची सूचना आणि फॉर्म ३० हा मालकी हस्तांतराचा अर्ज. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यातील व्यवहाराची सूचना विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वापरत राहण्याची पद्धत दोन्ही बाजूंना घातक आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यात आलेल्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. ते पत्र पाहिल्याखेरीज दुकानातून गाडी घेऊ नये. व्यापारी देत असलेली वॉरंटी कोणत्या भागांना आणि किती किलोमीटरपर्यंत लागू आहे, हे तोंडी न घेता लेखी घ्यावे. रक्कम बँकेमार्फत द्यावी, आणि इसारपावतीवर बोजा उतरवणे, चलने भरणे व नाव बदलून देणे या अटी लिहून घ्याव्यात.

विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावे. त्रयस्थाला झालेल्या नुकसानीचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर खरेदीदाराकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. आणि नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असल्याने तो त्याच्याकडेच राहतो, त्या फरकाची रक्कम खरेदीदाराला भरावी लागते. विक्रेत्याचा फास्टॅग बंद करून नवा घ्यावा आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का ते पाहावे. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस पुस्तिका आणि मूळ बिल मागून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरवरील आकडा लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करावा, आणि नव्या नावाची आरसी हाती येईपर्यंत विक्रेत्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह तो जपून ठेवावा. किमतीच्या साधारण दहाव्या भागाइतकी रक्कम पहिल्या काही महिन्यांतील टायर, बॅटरी, ऑइल आणि ब्रेक पॅडसाठी वेगळी काढून ठेवावी, आणि पहिल्या लांबच्या प्रवासापूर्वी ही कामे उरकून घ्यावीत.